बसल्यावर गुडघे झाकले पाहिजेत

लिंकन, नेब्रास्का
९ जानेवारी १९७७

प्रिय अल्बिना आत्या,

नाताळात तू दिलेलं लोकरीचं पांघरूण रोज अंगावर घेते. वसतिगृहातली आमची खोली उत्तरेकडची, खिडकीच्या फटीतून बर्फाची भुकटी आत येते. आभाराचं हे पत्र पंधरा दिवसांपूर्वीच यायला हवं होतं, आणि आज आलंय ते कामापुरतं आलंय, हे तू दोन ओळींत ओळखशील. म्हणून सरळच सांगते.

पशुवैद्यक कॉलेजानं मला मुलाखतीला बोलावलंय! शुक्रवार, ४ मार्च, सकाळी दहा वाजता. आपल्या राज्यात असं कॉलेजच नाही, शेजारच्या राज्यातल्या या एका कॉलेजात आपल्या वाट्याला थोड्या जागा येतात. यंदा आपल्याकडून दीडशेच्या वर अर्ज गेले. मुलाखतीला बोलावलेल्यांत मुली किती, ते कुणी सांगत नाही.

पत्राच्या तळाशी टाइप केलंय, 'उमेदवारांनी कोट व टाय घालून यावे.' मी फोन केला आणि विचारलं, मुलींनी काय घालावं? कार्यालयातल्या मिसेस टॉलींनी ते वाक्य काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "काहीतरी शोभेलसं घाला ना."

शोभेलसं म्हणजे कसं, आत्या? आमच्या वर्गातल्या मुलांना विचारलं तर एक जण म्हणाला, "स्कर्ट घातलास तर म्हणतील, नवरा शोधायला आली. पँट घातलीस तर म्हणतील, हिला नवरा नकोच आहे." सगळे खो खो हसले. मग गेले आमच्या सल्लागार प्रोफेसर गेबहार्टांकडे. ते म्हणाले, "बाई आहात हे दिसलं पाहिजे, पण जाणवता कामा नये." आणि मी ते वहीत लिहून घेतलं! खोलीवर आल्यावर वही उघडली, माझ्याच अक्षरात ते वाक्य पाहिलं आणि शिसारी आली.

आई म्हणते, चर्चचा गुलाबी झगा घाल, गळ्याशी रिबिनीचा बो असलेला. बाबांना विचारलं तर ते टोपी घालून गोठ्यात निघून गेले. माझ्याकडे दोन जीन्स आहेत, एक तपकिरी कॉर्डरॉय आहे, आणि आजीच्या अंत्यविधीला शिवलेला काळा झगा, त्याच्या बाह्या आता कोपरापर्यंतच येतात.

तू पंचवीस वर्षं दुकानात बायकांचे कपडे त्यांच्या अंगावर बेतते आहेस. तूच सांग.

तुझी,
जोलीन


ओमाहा
१४ जानेवारी

जोलीन पोरी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सँडविच तसंच ठेवलं. तुझ्या त्या प्रोफेसरला माझ्याकडे पाठव, त्याच्या पँटची शिवण मी अशी बेतून देईन की त्यालाही बरंच काही जाणवेल.

पण राग नंतर. आधी कपडे.

रंग गडद निळा. काळा नको, काळ्यात तू हॉटेलातली वाढपीण दिसशील. तपकिरी नको, तो शिक्षिकांचा. गुलाबीचं नाव काढू नकोस, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग आणि तो झगा कुलपात ठेव. सूट हवा, कोट आणि स्कर्ट. स्कर्ट गुडघ्याखाली दोन बोटं, पण उभ्यानं मोजायचा नाही. उभ्यानं सगळ्या झाकलेल्याच असतात. बसल्यावर गुडघे झाकले पाहिजेत. ते लोक टेबलामागे बसतील आणि तुझी खुर्ची ठेवतील उघड्यावर, मधोमध. म्हणून आरशासमोर खुर्ची मांडून बस आणि समोरून बघ.

शर्ट पांढरा, कॉलर बंद, पण गळ्याला फास बसल्यासारखी नको. बुटाची टाच दीड इंच, ओल्या पायऱ्यांवर चालता आलं पाहिजे. नायलॉनचे मोजे घाल आणि एक जादा जोड पर्समध्ये ठेव. अत्तर नको, अंगठी नको, केस मागे बांधायचे. आणि एक ऐक. तुला आवडेल असं काहीही घालू नकोस. आवडतं कापड अंगावर असलं की बाई खुशीत दिसते, आणि खुशीतली बाई त्यांना उथळ वाटते.

मला हे कसं माहीत, ते विचारू नकोस. बघत आले आहे.

विकतचा सूट तुला होणार नाही. खांदे तुझ्या बापाचे, कंबर तुझ्या आजीची. मीच शिवते. कुणाकडून तरी मापं घेऊन पाठव, आणि माप घेताना पोट आत ओढू नकोस. काल एक बाई आली होती, चाळिशीची, सोळा नंबरचं अंग दहा नंबरात कोंबून 'इथे थोडं सोडा' म्हणत होती. मी सोडलं. शिवण उसवताना तिच्या पाठीवर उठलेले वळ पाहिले, आणि ती आरशात हसत होती. या धंद्याचा कधी कधी असा वीट येतो, पोरी.

मापं लवकर पाठव.

आत्या


लिंकन
३० जानेवारी

प्रिय आत्या,

मापं वेगळ्या कागदावर आहेत. माझ्या खोलीतल्या ऑड्रानं घेतली. ती म्हणते, "तुझा दंड माझ्या पोटरीएवढा आहे." दोन वर्षं कॉलेजच्या गोठ्यात पहाटेची पाळी करते आहे, तिथल्या डॉक्टरांबरोबर शंभरेक गायी तरी तपासल्या असतील, दंड आणखी कसा होणार?

पण आत्या, मला स्कर्ट नको आहे. सांगते का ते.

लिनिया ऑस्ट्रम म्हणून माझ्या पुढच्या वर्गातली मुलगी आहे. तिची मुलाखत २१ तारखेला त्याच कॉलेजात, त्याच समितीच्या तिघांपुढे झाली. ती पँटचा सूट घालून गेली होती, राखाडी, अगदी साधा. बसायच्या आधीच मधला माणूस म्हणाला, "मिस ऑस्ट्रम, तुमच्या घरात पँट कोण घालणार?" म्हणजे घरात कुणाचं चालणार. तिघंही हसले. मग अर्धा तास तेच. लग्न झाल्यावर नवरा दुसऱ्या गावी गेला तर? पाळीच्या दिवसांत घोडा आवरेल का? लिनियाचे गुण माझ्यापेक्षा चांगले आहेत, तिनं एकटीनं अडलेल्या मेंढ्यांची कोकरं सोडवलीत, त्यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही.

ती मला म्हणाली, "ते हसले तेव्हा मीही हसले, जोलीन. त्यांचं राहू दे. मी हसले ते माझ्या अंगावरून निघत नाहीये."

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. स्कर्ट घातला म्हणजे त्या हसण्यात मी आधीच सामील झाले, असं वाटतं. मी पँट घालणार. हसायचं तर हसू देत.

जोलीन


ओमाहा
१२ फेब्रुवारी

जोलीन,

सोबत खोका आहे. स्कर्टच आहे.

तुझ्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. पण ती कुठे चुकली ते तू अजून बघत नाहीस. तिनं त्यांना बोलायला विषय दिला. तू देऊ नकोस. त्या तिघांची नजर कुठेतरी टेकणारच, ती निळ्या लोकरीवर टेकू दे. अर्ध्या मिनिटात कंटाळतील आणि तुझे गुण वाचायला लागतील. आधी आत जा. एकदा आत गेलीस की पोतं नेसून फीर, मी शिवून देईन.

शर्टाच्या बाह्या मनगटाशी घट्ट ठेवल्यात, तीन तीन बटणं. तुझी मनगटं गोठ्यातली आहेत, ती दिसायला नकोत.

सूट घालून एकदा खुर्चीवर बसून बघ. माझ्यासाठी.

आत्या


लिंकन
६ मार्च

प्रिय आत्या,

मी सूट घातला. तू सांगितलंस तसंच सगळं. आता काय झालं ते क्रमानं लिहिते, कारण फोनवर आईला सांगायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला फोन ठेवून दिला.

बाहेरच्या खोलीत सात मुलं होती आणि मी. एकाच्या टायवर सकाळच्या अंड्याचा डाग होता, कोटाची एक बाही आखूड. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझ्याकडे सातही जणांनी पाहिलं, आधी पाय, मग तोंड.

आत तिघं. मधे डॉ. स्ट्राउड, पांढऱ्या केसांचे, समितीचे प्रमुख. डावीकडे डॉ. अँब्लर, ते जवळजवळ बोललेच नाहीत, पाइप साफ करत होते. उजवीकडे डॉ. केसल, मोठ्या जनावरांचे. खुर्ची उघड्यावर, मधोमध, तू म्हणालीस तशीच. गुडघे झाकलेले होते.

डॉ. स्ट्राउड म्हणाले, "छान सूट आहे. कुठून घेतलात?"

मी म्हटलं, "आत्यानं शिवला."

"मग तुम्हालाही शिवता येत असेल."

"फक्त कातडं," मी म्हटलं. केसल हसले. मला वाटलं, जमतंय.

मग तेच सुरू झालं. लग्न ठरलंय का? मुलं हवीत का? हवीत म्हटलं तर पुढे काय, नकोत म्हटलं तर का बरं? मी सांगत गेले. आणि मग डॉ. स्ट्राउडनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जरा उभ्या राहा बरं."

मी उभी राहिले.

"एक वळसा घ्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "सर?"

ते म्हणाले, "उंची आणि बांधा बघायचाय. गाय बाराशे पौंडांची असते, म्हणून विचारतो." अगदी गोड आवाजात.

आणि आत्या, मी वळले. पूर्ण वळसा घेतला, टाचेवर, दुकानातल्या बाहुलीसारखा. पाठ त्यांच्याकडे होती तेव्हा मागे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मागे वळून खाली बसले, स्कर्ट सावरला आणि डॉ. स्ट्राउडनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मग ते म्हणाले, "चला, गोठ्यात जाऊ."

नंतर मी त्या सातांतल्या दोघांना विचारलं. त्यांना गोठ्यात नेलं नाही. एकाला मासेमारीबद्दल विचारलं, दुसऱ्याला त्याच्या काकाच्या दवाखान्याबद्दल.

गोठ्यात एक होल्स्टाइन गाय खोड्यात उभी होती. कार्डावर लिहिलेलं, पाच महिन्यांची गाभण. "बघून सांगा," डॉ. स्ट्राउड म्हणाले. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, "आमच्या वेळी नव्हते." खुंटीवर चार डगले टांगलेले होते. 'हा घाला' असं कुणी म्हटलं नाही, आणि मी मागितला नाही. मागितला असता तर 'कपड्यांना जपते' असं लिहिलं असतं, हे मला त्या खुंटीकडे बघतानाच कळलं.

कोट काढून कठड्यावर ठेवला. बाही वर सरकवायला लागले. तीन बटणं सोडली तरी ती घट्ट बाही कोपरावर अडकली. कोपरापर्यंतच्या हातानं गाय तपासता येत नाही.

डॉ. स्ट्राउड म्हणाले, "शर्ट काढलात तरी चालेल. इथे सगळे डॉक्टरच आहोत."

डॉ. अँब्लर पाइपकडे बघत राहिले. केसलनी मान खाली घातली.

मी खांद्याची शिवण दातांनी धरली आणि बाही उपटून काढली. सगळी. फार जोर लागला, तू पक्की शिवतेस. मग साबण लावला आणि मागून हात घातला. शेण माझ्या कोपरावरून, दंडावरून, तुझ्या निळ्या स्कर्टावर आलं. गाय ढिली झाली तेव्हा बोटांखाली गर्भपिशवी लागली. जड, फुगलेली, पण आत काही हलत नव्हतं, गाभण असली की चिमटीत गर्भावरचा जो पडदा सरकतो तो सरकत नव्हता. मी दोनदा बघितलं. मग म्हटलं, "ही गाभण नाही. पिशवीत पू आहे."

"कार्डावर गाभण लिहिलंय," डॉ. स्ट्राउड म्हणाले.

केसलनी डगला चढवला, स्वतः हात घातला. दोन्ही बाजूंनी चाचपलं. मग म्हणाले, "कार्ड चुकलंय. पोरगी बरोबर आहे."

मी नळावर हात धुतले. शेण दोन मिनिटांत जातं, आत्या. त्याची मला कधीच घाण वाटली नाही, गरम असतं, गवताचा वास येतो. पण परतीच्या बसमध्ये चार तास मी तो वळसा पुन्हा पुन्हा घेत होते. वसतिगृहात येऊन दोनदा अंघोळ केली. मला माझ्या पाठीची किळस येते आहे.

शर्ट गेला. स्कर्ट मी धुऊन पाहिला, लोकर आटली. मला माफ कर.

तुझी,
जोलीन


लिंकन
४ एप्रिल

प्रिय आत्या,

चार आठवडे झाले, तुझं पत्र नाही. आईला विचारलं, ती म्हणाली तू ईस्टरच्या जेवणाला येतेस की नाही तेही कळवलं नाहीस. तू इतके दिवस त्यावर राबलीस आणि मी ती बाही दातांनी फाडली, त्याचा राग आला असेल तर रागावून लिही. पण लिही.

इकडची बातमी. निकाल आला. 'प्रतीक्षा यादीत.' लिनियाला सरळ नकार. मी फोन केला तेव्हा मिसेस टॉली आधी नेहमीचं बोलल्या, मग दार लावल्याचा आवाज आला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी हे सांगितलं असं कुणाला सांगू नका. डॉ. केसलनी तुम्हाला सर्वांत वरचे गुण दिलेत. पण कागदावर एक रकाना आहे, 'पेहराव व वर्तन'. त्यात डॉ. स्ट्राउडनी लिहिलंय, 'गोठ्यात अयोग्य पोशाखात आली. समितीसमोर कपडे फाडले. मन स्थिर नाही.'"

मी रिसीव्हर ठेवला आणि हसले. मग ऑड्राची कचऱ्याची बादली ओढली आणि ओकले.

शाळा-कॉलेजात बाई म्हणून डावलता येत नाही असा कायदा होऊन पाच वर्षं झाली. लिनिया म्हणते, दोघी मिळून तक्रार करू. बाबा म्हणतात, यादीत नाव आहे ना, तोंड उघडशील तर तेही जाईल. मला कळत नाही. तू काय म्हणतेस?

जोलीन


ओमाहा
९ एप्रिल

जोलीन,

बाहीचं नाव पुन्हा काढू नकोस. त्या बाहीला शिव्या द्यायच्या तर मला दे, घट्ट मी ठेवली होती.

मी लिहिलं नाही, कारण चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. आज पाठवणार आहे, कसंही झालं तरी.

दुकानात मंगळवारी नव्या विक्रेत्या मुली निवडतात. टेबलामागे तिघं बसतात. मॅनेजर मिस्टर प्रुइट, हिशेबखात्यातला एक जण आणि तिसऱ्या खुर्चीत मी. गेली एकोणीस वर्षं. घरात कुणाला हे मी सांगितलेलं नाही, तुझ्या बापालाही नाही. तुम्हाला वाटतं मी दिवसभर मशीनवर असते. मुलगी आत येते, बसते, प्रुइट चार प्रश्न विचारतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "उभी राहा बरं. एक वळसा घे."

हेच शब्द, जोलीन. गोड आवाजात.

आमच्याही कागदावर रकाना आहे. तो मी भरते. 'बूट झिजलेले.' 'मोज्यात धागा निघालेला.' 'मागून बेढब.' कोट कुठल्या रंगाचा, गुडघे झाकले की नाही, तुला सांगितलेलं सगळं मला माहीत होतं ते त्या खुर्चीतून. मी तुला कपडे घालत नव्हते. मी मलाच पसंत पडेल अशी मुलगी बेतत होते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. एक मुलगी आली, एकोणीस-वीसची, हिरवा कोट, उसना असावा. प्रुइटनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. ते म्हणाले, "अल्बिना?" मी गप्पच. मग ते स्वतःच म्हणाले, "जरा वळून दाखव, बाळ." आणि ती उठली. मी म्हटलं, "बस खाली, पोरी. मिस्टर प्रुइट, आधी तुम्ही वळून दाखवा."

वाटतं तितकं शूर नव्हतं ते. माझा आवाज चिरकला, मुलगी घाबरून रडायला लागली, आणि तिला नोकरी मिळाली नाही ती माझ्यामुळेच. त्या खुर्चीवरून मला काढलं. आता फक्त मशीन. तेच मला हवं होतं असं म्हणणार नाही. ती खुर्ची मला आवडायची.

तक्रारीबद्दल तुला सल्ला द्यायचा अधिकार मला नाही. शिवणाऱ्या बाईचं एकच सांगते. लिहायचं ठरवलंस तर विशेषणं घालू नकोस. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कुणाला गोठ्यात नेलं, कुणाला नाही. एवढंच.

आत्या


लिंकन
२३ एप्रिल

अल्बिना आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खणात टाकलं. 'असू दे गं' असं लिहायला बसले होते, पण हात पुढे जाईना, म्हणून खोटं लिहीत नाही.

मला तुझी किळस आली. एकोणीस वर्षं, दर मंगळवारी. त्या मुली मोजून बघितल्या, निदान हजार तरी होतात. स्ट्राउड माझा कुणी नव्हता. तू आमच्या घरी दर ईस्टरला जॅम भरलेले कोलाचे पाव घेऊन यायचीस आणि मी तुझ्या मांडीवर बसायचे.

तरी तू सांगितलंस. तुला न सांगताही राहता आलं असतं.

तक्रार पाठवली. लिनिया आणि मी, दोघींच्या सह्यांनी, डीनना आणि एक प्रत त्या कायद्याचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला. दीड पान. एकही विशेषण नाही.

पुन्हा कधी लिहीन ते माहीत नाही. यावरून मी पत्रं बंद केली असं समजू नकोस.

जोलीन


ओमाहा
१५ मे

जोलीन,

उत्तराची अपेक्षा नाही. फक्त एक घडलं ते कुणाला तरी सांगायचं आहे, आणि ज्याला सांगावं असं दुसरं माणूस नाही.

माझ्या रकान्यांतलं एक नाव मला आठवत होतं, कारण ते वेगळं होतं. आयोनी मॅडसन. ती सोळाव्या रस्त्यावरच्या बेकरीत काउंटरवर असते, हे मला दुकानातल्या एकीनं सांगितलं. शनिवारी गेले. पस्तिशीची बाई, कपाळावर पीठ. मी म्हटलं, "तू बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात मुलाखतीला आली होतीस. मी..."

"ओळखलं," ती म्हणाली. "तुमच्या मनगटावर टाचण्यांची लाल उशी होती. तुम्ही माझ्या बुटांकडे बघून पेन उचललं. ते माझ्या आईचे होते. आत वर्तमानपत्र कोंबून घातले होते."

मी म्हटलं, "मी माफी मागायला आले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग म्हणाली, "पाव किती देऊ?"

मी सहा म्हटलं. तिनं सहा बांधून दिले आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून म्हणाली, "पुढे या."

पाव घरी आणले, पण खाल्ले नाहीत. शेजारणीला दिले.

आत्या


३० ऑगस्ट १९७७

प्रिय आत्या,

पाकिटावरच्या पत्त्यावरून कळलंच असेल, मी कॉलेजातून लिहिते आहे. जूनच्या शेवटी तार आली, जागा मिळाली. लिनियालाही. कॉलेजचा वकील आला होता, डीननी आम्हा दोघींना बोलावून चहा पाजला आणि 'गैरसमज' हा शब्द नऊ वेळा वापरला, लिनियानं मोजलं. तो रकाना काढून टाकणार आहेत म्हणे. डॉ. स्ट्राउड 'कामाच्या व्यापामुळे' समितीतून मोकळे झाले. नोकरी मात्र आहे तशी आहे, दुसऱ्या वर्षाला शस्त्रक्रिया तेच शिकवतात. आणि डॉ. केसलना मी व्हरांड्यात विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "गुण दिले ना तुला." मी म्हटलं, "हो, दिलेत." ते आणखी काहीतरी बोलणार होते, मी थांबले नाही.

जागा घेऊ नये असं मला तीन दिवस वाटत होतं. मग घेतली. तार आली तेव्हा मी आनंदानं ओरडले आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. ही असली जागा मिळाल्याचा आनंद व्हावा, याचीही मला घाण वाटते. पण जनावरांचं काम मला दुसरीकडे कुठे शिकायला मिळेल, तू सांग?

तुझ्यावरचा राग गेला असं लिहिणार नाही. कमी झालाय. आयोनी मॅडसनबद्दलचं तुझं पत्र मी सुट्टीत पुन्हा वाचलं. तू तिथे गेलीस आणि तिनं माफ केलं नाही तेही लपवलं नाहीस, ते मला पुरलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येणार आहे. तू ये. बोलू.

आता आजचं. नव्या मुलांचं स्वागत होतं, सरबत आणि बिस्किटं, प्राध्यापक ओळीनं उभे आणि आम्ही एकेक हात मिळवत पुढे सरकत होतो. डॉ. स्ट्राउड पाचवे होते. मी रात्रभर ठरवत होते, ते काय म्हणतील, मी काय म्हणेन. डोळे चुकवतील की चिडतील, की सगळ्यांसमोर टोमणा मारतील. सगळ्यांची उत्तरं मी तयार ठेवली होती.

त्यांनी माझा हात हातात घेतला, हसले आणि म्हणाले, "वा, स्वागत. कुठून आलात?"

मला वाटलं नाटक करताहेत. मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. नाटक नव्हतं, आत्या. तक्रारीवरचं नाव त्यांनी वाचलं असणार, पण त्या नावाला चेहरा होता हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. मी किती जणींमधली कितवी होते कोण जाणे.

"नेब्रास्का," मी म्हटलं. "जोलीन ह्रुस्का."

क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि गेली. "मिस रस्का," ते म्हणाले आणि हात सोडवायला लागले.

मी सोडला नाही. "ह्रुस्का," मी म्हटलं.

"हरस्का."

मागे रांग खोळंबली. शेजारचे डॉ. अँब्लर बिस्किट हातात घेऊन बघत राहिले. मी एकेक अक्षर सांगितलं, गोठ्यात गाय आवरतात तशी पकड ठेवून. आता त्यांच्या हाताला घाम सुटला होता. त्यांनी नाव बरोबर म्हटलं तेव्हाच सोडला.

तुझी,
जोलीन